सोमवारचं ताट

माझ्या टेबलावर एक रबरी केळं आहे, एक सफरचंद, दोन चपात्या, अर्धी वाटी राजमा आणि ब्रोकोलीचा एक तुरा. किती खायचं हे पेशंटला दाखवण्यासाठी असा संच मिळतो. आमच्या दवाखान्याला तो कुणीतरी देणगी म्हणून दिला. परळमध्ये आमच्याकडे येणारं कुणी ब्रोकोली खात नाही, म्हणून तो तुरा अजून नवाकोरा आहे. चपात्या मात्र मळल्या आहेत. एका आजोबांनी त्यातली एक उचलून टेबलावर दोनदा आपटली आणि शेजारी बसलेल्या सुनेकडे न बघता म्हणाले, "ही ओळखीची वाटते."

अनुभव लिहिण्याइतकं माझं वय नाही, असं मी संपादकांना कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, "मग एकच अनुभव लिहा." एक आहे. तो लिहिते.

मी गिरगावात वाढले. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर शाकाहारी, आणि मी स्वतः फार न बोलणारी. कॉलेजात सगळं शिकले ते इंग्रजीतून. प्रथिनं, क्षार, जीवनसत्त्वं यांचे तक्ते मला पाठ होते, पण पेशंटने "जवळा" म्हटलं की तो मासा आहे की भाजी हे कळत नसे. विचारायला लाज वाटायची. मान हलवायची आणि घरी जाऊन मोबाइलवर शोधायचं, असं पहिलं वर्ष गेलं.

आमचा दवाखाना धर्मादाय आहे आणि मी तिथली आहारतज्ज्ञ. मंगळवारी सकाळी सांधेदुखीची ओपीडी असते. आमचे सर तपासतात, औषध लिहितात आणि ज्यांच्या दुखण्याचा खाण्याशी संबंध आहे त्यांना माझ्याकडे पाठवतात. सगळ्याच सांधेदुखीचा तसा संबंध नसतो. गुडघे झिजलेल्या माणसाला मी वजन कमी करायला सांगू शकते, झिजलेला गुडघा परत देऊ शकत नाही. पण गाऊट नावाचं एक दुखणं आहे. त्यात युरिक अॅसिड रक्तात साचत जातं आणि सांध्यात त्याचे बारीक कण बसतात. मग एके दिवशी पायाचा अंगठा किंवा मनगट असं सुजतं की वरून चादरसुद्धा सहन होत नाही. यात औषध मुख्य, ते सरांचं. पण ताटातले काही पदार्थ त्या आगीत तेल ओततात. ते शोधणं हे माझं काम.

शोधायची पद्धत सोपी आहे. पेशंटला विचारायचं, "काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लंत?" आणि ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं. माणूस आठवड्याचं विसरतो, महिन्याचं तर बनवूनच सांगतो, पण कालचं खरं सांगतो. असं आम्हाला शिकवलं होतं आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास होता.

गावडेकाकू पहिल्यांदा आल्या तेव्हा मला नोकरीला लागून आठेक महिने झाले होते. साठीच्या, सडसडीत, केसांचा घट्ट अंबाडा, हातात कापडी पिशवी. मूळच्या मालवणकडच्या. लालबागला त्यांची पाच टेबलांची खानावळ. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली आणि मग दोघांनी मिळून ही खानावळ काढली. आता तो नव्हता, त्या एकट्याच चालवत होत्या. वर्षभरात गाऊटचे तीन झटके येऊन गेले होते, त्यातला एक उजव्या मनगटात.

"काल काय जेवलात, काकू?"

"काल? वरणभात, भेंडीची भाजी, ताक. संध्याकाळी मुगाची खिचडी."

"नॉनव्हेज खाता का?"

"कधीतरी."

मी लिहिलं, कधीतरी. मग तक्ता काढला. डाळींमध्ये थोडं प्युरिन असतं, त्याचंच पुढे युरिक अॅसिड होतं. दुसरं काही बंद करण्यासारखं सापडत नव्हतं, म्हणून मी वरण कमी करायला सांगितलं. महिन्याने परत आल्या. युरिक अॅसिड तसंच. काल काय खाल्लंत? भात, पालकाची पातळ भाजी, ताक. मी पालक बंद केला. पुढच्या वेळी फ्लॉवर. काकू प्रत्येक वेळी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही सांगाल तसं, मॅडम."

त्याच सुमारास आमची स्टाफ मीटिंग झाली. मी सहसा मीटिंगमध्ये बोलत नाही. त्या दिवशी धीर करून उभी राहिले आणि म्हणाले, "मंगळवारच्या ओपीडीतले आपले बहुतेक पेशंट शाकाहारी आहेत, असं दिसतं." कुणी हसलं नाही. केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या शीलाताईंना फक्त जोराचा खोकला आला आणि त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या. मी खाली बसले. आपण काहीतरी उपयोगाचं बोललो, असं मला घरी जाईपर्यंत वाटत होतं.

मग तो मंगळवार आला. काकूंना त्यांच्या मुलाने, नितीनने, पाय टेकवत नव्हता म्हणून टॅक्सीने आणलं होतं. उजवं मनगट लाल आणि टम्म फुगलेलं, डाव्या पायात चप्पल नाही. सरांनी तपासून सूज उतरवायचं औषध दिलं आणि दोघांना माझ्याकडे पाठवलं. काकू हात छातीशी धरून बसल्या. बोलला तो नितीन.

"मॅडम, हिला समजवा. हा चौथा झटका. भाकरी थापता येत नाही तर खानावळ कशाला चालवायची? मी पुढच्या महिन्यात हिला डोंबिवलीला नेतोय. गाळा सोडून देतो."

"गाळा सोडायचा नाय," काकू म्हणाल्या.

"मग काय करणार? एका हाताने थापणार?"

"तू थाप. तुका येता?"

काकू रडत नव्हत्या, पण त्यांनी पिशवीचा बंद डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळायला आणि सोडायला सुरुवात केली होती. मी कागद ओढला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"काल काय खाल्लंत?"

"काही नाही. कडक उपास."

"उपास का?"

"तुम्हीच नाय का वरण काढलंत? मग पालक, मग फ्लॉवर. सोमवारच्या ताटात उरलं काय? नुसता भात. म्हटलं, त्यापेक्षा उपासच धरूया. देवाचं पण झालं, तुमचं पण झालं."

"पाणी?"

"पाणीसुद्धा घेतलं नाही. धरायचा तर नीट धरायचा."

"आणि सरांची गोळी?"

"ती जेवणानंतरची आहे. जेवलेच नाही तर गोळी कशी घेणार?"

उपाशी राहिलं आणि पाणी प्यायलं नाही तर गाऊटचा झटका येऊ शकतो. हे माझ्या परीक्षेत आलं होतं आणि मला त्यात चांगले गुण मिळाले होते. मी कागदावर "उपास नको, पाणी भरपूर" लिहिलं. ती दोघं गेली.

शीलाताई केसपेपर गोळा करायला आल्या आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. त्या नायगावच्या चाळीत वाढलेल्या, खिडकीवर वीस वर्षं काढलेल्या. परळ-लालबागमधलं कोण कुठे राहतं, हे त्यांना केसपेपर न बघता माहीत असतं.

"मॅडम, राग नाही ना येणार? एक विचारू?"

"विचारा."

"आपली ओपीडी कुठल्या वारी?"

"मंगळवारी."

"मग 'काल' म्हणजे कोणता वार?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"सोमवार, मॅडम. शंकराचा वार. कोकणातली माणसं सोमवारी मासळीला हात लावत नाहीत. गावडेकाकूंची खानावळसुद्धा सोमवारी बंद असते. रविवारी जाऊन बघा, बाहेर रांग असते. तुम्ही जवळजवळ वर्षभर या लोकांना एकच वार विचारताय." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आम्ही बौद्ध. आमच्या घरात वारबीर नाही. मला विचारलं असतंत तर मी सोमवारीसुद्धा सुकटच सांगितली असती."

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मीटिंगमध्ये इतकं मनापासून बोललात! आणि तुम्ही इंग्लिशमध्ये शिकलेल्या. मला वाटलं, त्यात काहीतरी शास्त्र असेल."

आमच्या घरी सगळेच वार सोमवार. त्यामुळे वाराने ताट बदलतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्या दुपारी मी सगळे जुने कागद काढून बसले. वरणभात, भेंडी, ताक. वरणभात, दुधी, ताक. अधूनमधून एखाद्या कागदावर बोंबील किंवा सुकट होती. त्या कागदांवर मी लाल पेनाने खूण केली होती आणि शेरा मारला होता, की या पेशंटला जास्त समजावण्याची गरज आहे. नावं बघितली. बहुतेक शीलाताईंच्या नायगावकडची. बाकीच्यांसारखंच खाणारी माणसं, फक्त त्यांचा सोमवार इतर दिवसांसारखा होता. आणि मी त्यांनाच जास्त बोलले होते. गावडेकाकूंचं केलेलं नुकसान मला नंतर थोडंफार भरून काढता आलं. या लोकांपैकी काही परत आलेच नाहीत. ते मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता, मासळीचा वार. मी दुपारची सुट्टी घेतली आणि शीलाताईंना घेऊन लालबागला गेले. एकटी गेले असते तर दारातून परत आले असते.

खानावळ भरलेली होती. मनगट दुखत होतं म्हणून काकूंनी भाकरीला शेजारच्या चाळीतल्या बाईला बोलावलं होतं आणि स्वतः डाव्या हाताने कालवण वाढत होत्या. मला बघून त्या दचकल्या. "मॅडम? तुम्ही इथे? तुम्ही खाता?"

"नाही. मी नुसती बसते."

"नुसती बसायला जागा नाय गो. टेबल अडतं," त्या म्हणाल्या आणि मला आत, चुलीजवळच्या स्टुलावर बसवलं. शीलाताईंनी मात्र बाहेर टेबल पकडलं आणि सुरमई मागवली.

त्या स्टुलावर बसून मी तीन तास बघत होते. विचारण्यापेक्षा बघणं मला आधीपासून बरं जमतं. काकू त्या तीन तासांत एक थेंब पाणी प्यायल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पाणी पिऊन जाऊ खयं? संडास मागच्या चाळीत. गिऱ्हाईक टाकून दहा वेळा कोण जाणार?" बांगड्याच्या पातेल्यातून तुकड्या एकेक करून बाहेर गेल्या. साडेतीनला शेवटचं गिऱ्हाईक उठलं. मग काकू ताट घेऊन बसल्या. भात घेतला आणि त्यावर पातेल्याच्या तळाचं उरलेलं दाट कालवण. त्यात दोन डोकी, एक शेपटी. बाजूला सुक्या जवळ्याची चटणी. मग कोळंबीच्या आमटीची वाटी, कोळंबीशिवाय.

"काकू, हे रोज?"

"रोजच. सोमवार सोडून."

"तुम्ही मला कधीतरी म्हणालात."

"अगो, मासे कधीतरीच खातो. तुकडी कुठे आपल्याला? तुकडी गिऱ्हाईकाची. आपलं कालवण."

माझ्या तक्त्यात होतं ते सगळं त्या ताटात होतं. बांगडा, जवळा, कोळंबी, या सगळ्यांत प्युरिन भरपूर. आणि ते पाण्यात उतरतं. मासा उकळला की त्यातलं बरंचसं रश्श्यात येतं. तीस वर्षं लोकांना तुकड्या वाढून काकू स्वतः नेमकं तेच पीत होत्या. सकाळी दहाच्या चहानंतर थेट साडेतीनला, तहानलेल्या पोटी.

मी काय बोलायचं ते टॅक्सीत ठरवून आले होते. त्यातलं काहीच आठवलं नाही. मी म्हणाले, "काकू, माझं चुकलं. तुमचं वरण मी उगाच बंद केलं. पालक, फ्लॉवर पण. ते सगळं परत खा. कालचा झटका माझ्यामुळे आला असेल."

काकूंचा घास हातात राहिला. दारात उभ्या असलेल्या शीलाताईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

"दवाखान्यातलं माणूस असं बोलताना मी कधी ऐकलं नाय," काकू म्हणाल्या. मग त्यांनी ताट जवळ ओढलं. "आता हे पण काढणार?"

"कालवण काढणार. बांगडा, तारली, जवळा, कोळंबी काढणार."

"मग ऱ्हवलं काय?"

"वरण राहिलं. ताक राहिलं. पाणी, दर तासाला एक पेला, मागच्या चाळीत जावं लागलं तरी. आणि सूज पूर्ण उतरली की आठवड्यातून दोनदा पापलेटची नाहीतर सुरमईची तुकडी. एकच. कालवणाशिवाय."

"तुकडी?" त्यांनी शीलाताईंकडे बघितलं. "ही मस्करी करते?"

"मॅडमना मस्करी येत नाही," शीलाताई म्हणाल्या.

"आणि जेवण एक वाजता," मी म्हणाले. "गोळी त्यानंतर लगेच. साडेतीनला जेवलात की ती राहून जाते."

तिथे मात्र काकू अडल्या. एक वाजता खानावळीत सगळ्यात जास्त गर्दी. गिऱ्हाईक ताटकळत असताना मालकिणीने पुढ्यात ताट घेऊन बसायचं, तेही तुकडीचं? लोक काय म्हणतील? नवरा असतानासुद्धा त्या कधी आधी जेवल्या नव्हत्या. मी गाऊटचं सगळं शास्त्र मराठीत सांगून बघितलं, त्यातलं निम्मं मलाच कळलं नाही. शेवटी शीलाताई म्हणाल्या, "काकू, एक वाजता दहा मिनिटं लोक थांबतील. तुम्ही डोंबिवलीला गेलात तर कायमचे थांबतील."

नितीनला फोन लावला. तो तीन महिन्यांना तयार झाला. तीन महिन्यांत पुन्हा झटका आला तर गाळा सोडायचा, असं काकूंनीच त्याला सांगितलं. मी सगळं कागदावर लिहून दिलं, मराठीत, मोठ्या अक्षरात. वारांसकट.

ते तीन महिने मला माझ्या कुठल्याही परीक्षेपेक्षा लांब वाटले. दर मंगळवारी मी दाराकडे बघायचे. काकू दर महिन्याला चालत आल्या. पहिल्या महिन्यात मनगटात जरा ठणका लागला. मी घाबरले, पण तो दोन दिवसांत गेला. दुसऱ्या महिन्यात रक्ताचा आकडा खाली आला. सर म्हणाले, गोळी आता रोज पोटात जातेय त्याचा यात मोठा भाग आहे. ते खरंच आहे. पण गोळी रोज पोटात जायला एक वाजताचं जेवण लागलं, एवढं मी मनातल्या मनात म्हणाले.

तिसरा महिना संपला त्या शुक्रवारी मी लालबागला गेले. या वेळी एकटी. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. सगळी टेबलं भरलेली आणि दारात चार माणसं उभी. चुलीशेजारच्या स्टुलावर काकू ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वरण, भात, ताक आणि मधोमध पापलेटची तुकडी. डोक्यावरच्या खिळ्याला पाण्याची बाटली टांगलेली. समोरच्या टेबलावरचा एक रोजचा माणूस ओरडला, "ओ काकू, मला म्हणालात पापलेट संपलं. मग ते ताटात काय आहे?"

"ता औषध आहे," काकू म्हणाल्या. त्यांनी डाव्या हाताने भिंतीकडे बोट दाखवलं. दरपत्रकाच्या खाली माझा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेला होता. "वाच. दवाखान्यातून लिहून दिलंय. तुझ्याकडे आहे असा कागद?"

तो माणूस उठून खरंच वाचायला गेला. "पापलेट, एक तुकडी, कालवणाशिवाय," त्याने मोठ्याने वाचलं. दारातली माणसं हसली.

"मग?" काकू म्हणाल्या आणि काटा काढून शांतपणे घास घेतला.

माझ्या कामात मी लोकांच्या ताटातून काहीतरी उचलते. साखर, मीठ, वडापाव, रात्रीचा एक पेग. माणसं तोंड पाडून जातात आणि मला ती सवय झाली आहे. ताटात काहीतरी घालायला मिळालं, असं फार वेळा होत नाही. आता मी पेशंटला कालचं विचारतेच. पण त्याआधी विचारते, तुमच्या घरी कुठले वार पाळतात, सगळ्यात शेवटी कोण जेवतं आणि त्याच्या वाट्याला काय येतं. हे मला गावडेकाकू आणि शीलाताईंनी शिकवलं. दोघींनीही त्याबद्दल मला कधी टोमणा मारला नाही. म्हणजे शीलाताई मारतात, पण फक्त मीटिंगच्या दिवशी.

त्या शुक्रवारी जेवण झाल्यावर काकूंनी ताट बाजूला ठेवलं, गोळी घेतली, हात धुतले आणि परातीत पीठ ओढलं.

"बस गो बाय. तुझ्यासाठी वाटाण्याची उसळ ठेवली आहे. जाऊ नको अशीच."

मग त्यांनी दोन्ही हातांनी भाकरी थापायला घेतली. मी बसले.